भीड कशी चेपते? शाळेची परदेश सहल आणि आपली बुजरी मुलं



जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोरं अमेरिकेत 'नासा' बघायला निवडली जातील, असं दहा-पंधरा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर आपण हसलो असतो. पण 2025 मध्ये पुणे जिल्हा परिषदेने 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संस्थेला सोबत घेऊन मुलांची परीक्षा घेतली. त्यातून 25 मुलांची नासासाठी आणि 50 मुलांची इस्रोसाठी निवड केली. आपल्यासारख्याच गावांतली, आपल्यासारख्याच घरांतली ही मुलं.

अशी बातमी आली की गटात दोन प्रकारचं बोलणं सुरू होतं. एक ताई म्हणते, "मिळालं तर सोनं होईल पोरीचं." दुसरी म्हणते, "आमची तर पाहुणे आले तरी आत पळते. ती कसली जातेय परदेशात!" हा लेख या दुसऱ्या ताईसाठी आहे. बुजरं मूल सहलीला जाऊन धीट होऊन येतं असं आपण ऐकतो, पण ते नेमकं होतं कसं, हे कुणी उलगडून सांगत नाही. ते समजलं तर सहल मिळाली काय, न मिळाली काय, आपल्याला घरीही बरंच काही करता येईल.

आधी हे बघू : दार कुठे आहे?

सरकारी शाळेतल्या मुलाला परदेशी जाण्याची संधी बहुतेक वेळा निवडीतून मिळते. दोन-तीन वाटा आपल्याला माहीत असाव्यात.

'इन्स्पायर अवॉर्ड – मानक' ही केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची योजना आहे. सहावीपासून पुढच्या वर्गांतल्या मुलांनी रोजच्या अडचणीवर स्वतः शोधलेला उपाय शाळेने ऑनलाइन पाठवायचा असतो. निवड झाली तर उपकरण बनवायला मुलाच्या बँक खात्यात 10,000 रुपये जमा होतात. पुढे जिल्हा, राज्य आणि देश अशी प्रदर्शनं असतात. देशपातळीवर चमकलेल्या काही मुलांना जपानला जायची संधी मिळते.

ही जपानची भेट 'साकुरा सायन्स' नावाच्या कार्यक्रमातून होते. जपानने तो 2014 साली सुरू केला आणि 2016 पासून भारतातली शाळकरी मुलं त्यात जात आहेत. सरकारी शाळा, केंद्रीय विद्यालय आणि नवोदय विद्यालयातली मुलं त्यासाठी निवडली जातात. नवोदयच्या परीक्षेची तयारी आपल्याकडे पाचवीत सुरू होते, हे तुम्हाला माहीतच आहे. तिथल्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात.

आपल्या राज्यातलं आणखी एक उदाहरण चंद्रपूरचं आहे. आदिवासी विकास विभागाच्या 'मिशन शौर्य'मधून आश्रमशाळांमधली मुलं नेपाळला गेली आणि मे 2018 मध्ये त्यांच्यापैकी पाच जणांनी एव्हरेस्टचं शिखर गाठलं. पण ती एकदम शिखरावर पोचली नाहीत. त्याआधी टप्प्याटप्प्याने सराव झाला होता. हे टप्पे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

लाजणं म्हणजे आजार नाही

काही मुलं जन्मतःच सावध असतात. नवा माणूस दिसला की आधी दुरून बघतात, मग हळूहळू जवळ येतात. अशी मुलं पुष्कळदा बारकाईने बघणारी आणि नीट ऐकून घेणारी असतात. म्हणजे त्यांच्यात काही कमी आहे असं नाही. त्यांना फक्त वेळ जास्त लागतो.

पण आपण काय करतो? मास्तरांनी पोरीला प्रश्न विचारला, ती गप्प राहिली, की आपण लगेच म्हणतो, "ती लाजते हो, मी सांगते." त्या क्षणी पोरीला बरं वाटतं, सुटका होते. पण मनात एक गोष्ट पक्की बसते : बोलणं हे आपलं काम नाही, ते आई करते. पुढच्या वेळी भीती कमी होत नाही, वाढते. ज्याला टाळावं ते मोठं होत जातं. काळोखातल्या माडीवर न जाणाऱ्या मुलाला ती माडी रोज जास्त भयाण वाटते, तसंच हे.

दुसरी चूक म्हणजे सगळ्यांसमोर नाव ठेवणं. 'घुमी', 'मुखदुर्बळ', 'आमचं बुजगावणं' हे शब्द थट्टेत निघतात, पण ऐकणारं मूल ते खरे धरतं. आणि हे मुलग्यांनाही लागू आहे. "पोरासारखा पोर आणि लाजतो काय!" असं म्हटल्याने कुठला मुलगा धीट झालेला नाही. तो फक्त लाज लपवायला शिकतो.

एक फरक मात्र ओळखायला हवा. आधी बोलणारं मूल अचानक गप्प झालं, जेवण-झोप बिघडली, शाळेत किंवा एखाद्या माणसाकडे जायला घाबरू लागलं, तर ते लाजणं नाही. त्याला कुणी त्रास देतंय का, हे शांतपणे विचारा. मदतीसाठी चाइल्डलाइनचा 1098 हा क्रमांक आहे. मनाच्या तक्रारींसाठी सरकारची 'टेलीमानस' सेवा 14416 वर मिळते. घरात भरपूर बोलणारं मूल बाहेर महिनोन्महिने एक शब्दही बोलत नसेल, तरीही डॉक्टरांना दाखवा.

परदेशात असं काय होतं?

समजा, तुमची दहावीतली लेक साकुराच्या गटातून जपानला निघाली. तिच्यासोबत घडतं काय, ते एकेक करून बघू.

पहिली गोष्ट म्हणजे तिथे तिला कुणी ओळखत नाही. गावात ती 'अमक्याची गप्प राहणारी पोरगी' असते. गटात तमिळनाडूची, ओडिशाची, मणिपूरची मुलं असू शकतात. ती गप्प असते हे त्यांना ठाऊकच नाही. तिच्यावरची जुनी पाटी निघालेली असते.

दुसरी गोष्ट, आई सोबत नाही. खोलीत राहणाऱ्या मुलीला मराठी येत नाही. "दिवा बंद करू का?" एवढं विचारायचं तरी तोडक्यामोडक्या हिंदीत स्वतःलाच विचारावं लागतं. खरं पाहिलं तर तिचा पहिला परदेश ही खोलीच असते. तिथे भीड चेपली की पुढचं सोपं जातं.

तिसरी गोष्ट फार कुणाच्या ध्यानात येत नाही. जपानी शाळेत गेल्यावर समोरची मुलंही तितकीच लाजरी निघतात. इंग्रजी त्यांचीही भाषा नाही. बोलताना तीही अडखळतात, हसतात, तोंडावर हात ठेवतात. आपल्या लेकीला वाटत असतं की इंग्रजी येत नाही म्हणून आपणच मागे. तिथे कळतं की दोन्हीकडे तीच अडचण आहे. मग हातवारे होतात, वहीत चित्र काढलं जातं, कुणी कागदाची घडी घालून पक्षी करून दाखवतं. इंग्रजीत चुकलं तरी काम होतं, हा शोध लागतो. वर्गात वर्षभर इंग्रजी शिकून जे होत नाही, ते कधीकधी या अर्ध्या तासात होतं.

चौथी गोष्ट म्हणजे रोजची छोटी-छोटी कामं. शाळेच्या दारात बूट काढून नीट लावून ठेवायचे. जेवताना काड्यांनी घास उचलायचा. सार्वजनिक ठिकाणी कचऱ्याचे डबे फार दिसत नाहीत, म्हणून आपला कचरा पिशवीत घालून परत आणायचा. जपानी शाळांत मुलं वर्ग स्वतःच झाडतात-पुसतात. हे पाहून आपल्या पोरीला हसू येईल, कारण यात ती कुणापेक्षा कमी नाही! शाकाहारी असेल तर जेवण विचारून घ्यावं लागतं, कारण तिथल्या पुष्कळ रश्शांमध्ये माशाचा अर्क असतो. म्हणजे ज्या पोरीने आजवर वर्गात हात वर केला नाही, तिला पोटासाठी तरी विचारावंच लागतं, "यात मासा आहे का?" दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, आणि चौथ्यांदा ती दुसऱ्या मुलीसाठीही विचारते. भीड चेपणं म्हणतात ते हेच.

तोक्योत 'मिराइकान' नावाचं मोठं विज्ञान संग्रहालय आहे. तिथे छताला टांगलेला पृथ्वीचा प्रचंड गोळा आहे. मुलं तो बघतात, यंत्रमानव बघतात, प्रयोगशाळा बघतात. त्याचा फायदा आहेच. पण धीर येतो तो गोळा बघून नाही. तो येतो त्याच्याबद्दल एक प्रश्न स्वतःच्या तोंडाने विचारून.

आपल्याला हे नवीन नाही

अल्बर्ट बंडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी 1977 साली एक सिद्धांत मांडला. 'मला हे जमेल' हा विश्वास माणसाला मुख्यतः चार ठिकाणांहून मिळतो, असं त्यांचं म्हणणं. ते वाचताना मला आपले गटच दिसले.

1. स्वतः करून पाहिल्याने. हे सगळ्यात जोरकस. गटात पहिल्यांदा सही केली, बँकेच्या खिडकीशी स्वतः स्लिप भरून दिली, तो दिवस आठवा. कुणी भाषण देऊन तो धीर दिला नव्हता. काम झालं म्हणून धीर आला.

2. आपल्यासारखीला करताना पाहिल्याने. दुसऱ्या जिल्ह्यातून वर्धिनी ताई आपल्या गावात येऊन राहिल्या, गट कसा बांधायचा ते सांगून गेल्या. त्याही शेतात राबणाऱ्याच होत्या. "ही करते तर मी का नाही?" हा प्रश्न तिथून आला. सहलीत मुलीला तिच्यासारखीच दुसऱ्या खेड्यातली मुलगी बोलताना दिसते, तेव्हा हेच घडतं.

3. विश्वासातल्या माणसाच्या शब्दाने. पण शब्द नेमका हवा. नुसतं "शाब्बास, हुशार आहेस" याचा उपयोग थोडाच. "काल तू मोजून पैसे परत आणलेस, एक रुपयाही चुकला नाही" हे मनात राहतं.

4. छातीतल्या धडधडीचा अर्थ लावल्याने. ग्रामसभेत पहिल्यांदा उठलो तेव्हा पाय लटपटले, घसा कोरडा पडला. आता बोलतो तेव्हाही थोडं होतंच. फरक एवढाच की आता त्याला आपण घाबरत नाही. मुलीला हे सांगा, "धडधडतं म्हणजे जमणार नाही असं नाही. नवं काम आहे म्हणून धडधडतंय."

परदेश सहल या चारही गोष्टी आठवडाभरात एकत्र आणते. जादू विमानात नाही.

आईच्या पोटातली भीती

आता खरं बोलू. पोरीला एवढ्या लांब पाठवायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. ही भीती खोटी नाही आणि तिची लाज वाटायचं कारण नाही. पण नुसतं 'नको' म्हणण्याऐवजी प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी मागा :

– सहल कोणाकडून आहे? शिक्षण विभागाचं किंवा शाळेचं सही-शिक्क्याचं पत्र आहे का?
– मुलींसोबत किती शिक्षिका आहेत? खोलीत कोण कोण राहणार?
– विमा काढलाय का? आजारी पडली तर कोण बघणार?
– रोज कुठे जाणार, कुठे राहणार, याचा कागद मिळेल का?
– काही त्रास झाला तर मुलीने कुणाला सांगायचं? तिथल्या एका शिक्षिकेचा आणि इथल्या एकीचा नंबर द्या.

मुलीशीही मोकळं बोला. कुणाचा स्पर्श नकोसा वाटला तर 'नाही' म्हणायचं आणि लगेच शिक्षिकेला सांगायचं. "तू सांगितलंस तर मी तुला रागावणार नाही," हे वाक्य जाण्याआधी तिच्या कानावर पडलंच पाहिजे. पाळीची तारीख जवळ असो-नसो, पॅड बॅगेत घाला. हवेतल्या बदलाने तारीख मागेपुढे होऊ शकते. रोजची गोळी असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह द्या.

कागदपत्रं : संधी आल्यावर पळापळ नको

2013 साली झारखंडमधल्या खेड्यांतल्या मुलींचा 'युवा' या संस्थेचा फुटबॉल संघ स्पेनला खेळायला गेला आणि एका स्पर्धेत तिसरा आला. त्या मुलींनी नंतर सांगितलं होतं की खेळापेक्षा जन्माचा दाखला मिळवताना जास्त सोसावं लागलं. पासपोर्टसाठी दाखला हवा होता आणि तो मागायला गेल्यावर अपमान झाला. आपल्या पोरींवर ती वेळ येऊ नये.

– जन्मदाखला ग्रामपंचायतीतून काढून घरात ठेवा.
– नाव एकच ठेवा. आधारवर एक, शाळेत दुसरं, दाखल्यावर तिसरं असेल तर आत्ताच दुरुस्त करा. जन्मतारखेचंही तसंच. बहुतेक अर्ज इथेच अडकतात.
– पासपोर्टचा अर्ज सरकारच्या 'पासपोर्ट सेवा' संकेतस्थळावर भरतात. मग ठरलेल्या दिवशी मूळ कागद घेऊन पासपोर्ट केंद्रात जायचं. आता अनेक जिल्ह्यांत पोस्ट ऑफिसातही हे केंद्र आहे. 18 वर्षांखालच्या मुलांच्या साध्या पासपोर्टची फी 1,000 रुपये आहे. तो 5 वर्षं किंवा मूल 18 वर्षांचं होईपर्यंत चालतो, यांतलं जे आधी येईल ते. अर्ज भरताना फी एकदा तपासून घ्या. एजंटला जास्तीचे पैसे द्यायची गरज नाही. गावातल्या शिकलेल्या पोराकडून किंवा सेवा केंद्रातून अर्ज भरता येतो. चौकशीचा मोफत क्रमांक 1800-258-1800.
– आई-वडील दोघांची संमती 'परिशिष्ट डी' या नमुन्यात लागते.
– एकल ताईंनी हे नीट वाचा. नवरा सोडून गेला आहे, किंवा संमती देत नाही, म्हणून मुलाचा पासपोर्ट होतच नाही, असं नाही. त्यासाठी 'परिशिष्ट सी' हा वेगळा नमुना आहे. त्यात आपली परिस्थिती खरी खरी लिहून द्यायची असते. पती वारले असतील तर मृत्यूचा दाखला जोडायचा. "वडिलांची सही आणा, नाहीतर जमणार नाही," असं कुणी सांगितलं तर तिथेच हार मानू नका. केंद्रात विचारा.

कर्ज काढून पाठवायचं का?

हा प्रश्न गटात येणारच, म्हणून स्पष्ट लिहिते. निवडीतून होणाऱ्या सहलीचा मुख्य खर्च सरकार किंवा बोलावणारी संस्था करते. कुणी "निवड झाली, आधी एवढे पैसे भरा" असं फोनवर सांगत असेल तर सावध व्हा. आधी शाळेत आणि शिक्षणाधिकारी कार्यालयात खात्री करा.

खाजगी शाळा आणि कंपन्या पैसे घेऊन मुलांना परदेशी नेतात, त्या सहली वेगळ्या. त्यांचा खर्च लाखांत जाऊ शकतो. तिथे 'निवड' हा शब्द वापरला तरी पुष्कळदा जो पैसे भरेल तो जातो. त्यासाठी गटाचं कर्ज काढू नका, दागिना मोडू नका, शेळ्या विकू नका. वर सांगितलेल्या चार गोष्टींपैकी एकही अशी नाही जी फक्त परदेशातच मिळते. आणि घरावर कर्ज आहे हे माहीत असलेलं मूल तिथे मोकळं होत नाही. ते प्रत्येक घासाचा हिशोब करत राहतं.

जायच्या आधी : पायरी पायरीने

चंद्रपूरच्या मुलांचे टप्पे आठवा. बुजऱ्या मुलाला एकदम माईकपुढे ढकलू नका. पायऱ्या करा :

पहिल्या आठवड्यात दुकानातून एकटीने सामान आणायचं आणि हिशोब सांगायचा. दुसऱ्या आठवड्यात एसटीत स्वतः तिकीट मागायचं. तुम्ही शेजारी बसा, पण बोलू नका. तिसऱ्या आठवड्यात बँकेत किंवा पोस्टात एक प्रश्न विचारायचा. चौथ्या आठवड्यात मावशीकडे किंवा आत्याकडे दोन रात्री राहायचं. पाचव्या आठवड्यात गटाच्या बैठकीत मागचं इतिवृत्त वाचून दाखवायचं. वाचणं हे बोलण्यापेक्षा सोपं, म्हणून ते आधी. सहाव्या आठवड्यात स्वतःबद्दल चार वाक्यं सांगायची : नाव, गाव, घरात काय पिकतं, मला काय आवडतं. हीच चार वाक्यं इंग्रजीतही पाठ होऊ द्या. परदेशात पहिल्यांदा तीच कामी येतात.

एखादी पायरी जड गेली तर रागावू नका. त्याच पायरीवर आणखी आठ दिवस थांबा. आणि ती अडखळत असताना मनात दहा आकडे मोजा. बहुतेक वेळा सातव्या-आठव्या आकड्याला मूल बोलतं. आपणच थांबत नाही.

ती तिकडे असताना फोन थोडक्यात करा. जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे असतं. आपल्याकडे रात्रीचे नऊ म्हणजे तिथे साडेबारा वाजलेले, पोर झोपलेली असणार. पहिल्या दोन-तीन रात्री घरची आठवण येऊन ती रडेल. "मलाही झोप नाही, ये बाई लवकर" असं म्हणू नका. "आठवण येणारच. आज कोणतं काम तू स्वतः केलंस?" असं विचारा.

परत आल्यावर खरी परीक्षा आपली

पोर परत येते. पहिले आठ दिवस बोलता बोलता थांबत नाही. मग गावातून आवाज येतात, "फार शहाणी झाली," "चार दिवस विमानात बसली तर उलट बोलायला लागली." आणि हळूहळू ती पुन्हा गप्प होते. सहलीने दिलेलं सगळ्यात जास्त इथेच गळून जातं.

कारण धीट झालेलं मूल फक्त इंग्रजी बोलत नाही, ते प्रश्नही विचारतं. "तिकडे मुलगेही वर्ग झाडतात, मग दादा ताट का उचलत नाही?" असं विचारेल. "मला पुढे शिकायचंय, आत्ता स्थळं बघू नका," असंही म्हणेल. ते ऐकायला आपली तयारी आहे का? आपल्याला धीट लेक हवी असते, पण ती घराबाहेर धीट आणि घरात गप्प हवी असते. असं होत नाही, ताईंनो. आपण गटात बोलायला लागलो तेव्हा घरात काय काय ऐकून घेतलं, ते विसरायचं नाही. तेव्हा आपल्या पाठीशी कुणी उभं राहिलं असेल तर ते आठवा. नसेल राहिलं, तर तेही आठवा.

म्हणून परत आल्यावर तीन गोष्टी करा. हार-तुरे आणि माईक यांची घाई नको. आधी गटाच्या दहा बायकांत बसून तिला सांगू द्या. दुसरं, तिला घरात एक पक्कं काम द्या, ज्यात शेवटचा शब्द तिचा असेल. दूध डेअरीचा हिशोब, विजेचं बिल, धाकट्याच्या शाळेची कामं, काहीही चालेल. तिसरं, न गेलेल्या भावंडांना तिच्याशी तोलू नका. "बघ ताई कशी गेली, नाहीतर तू" या एका वाक्याने दोघांचं नुकसान होतं.

आणि ती परत येऊनही कमी बोलणारीच राहिली, तर? राहू द्या. धीट म्हणजे बडबडी नव्हे. गरज पडेल तिथे तोंड उघडता आलं, विचारता आलं, नाही म्हणता आलं, एवढं पुरे.

सहल मिळालीच नाही तर

बहुतेकांना ती मिळणार नाही, हे खरं आहे. जागा थोड्या आणि मुलं फार. पण वर लिहिलेलं सगळं आपल्या तालुक्यातही घडवता येतं. ग्रामसंघाने ठरवलं तर दोन गावांतल्या मुलींची अदलाबदल करता येईल. या गावच्या चार मुली त्या गावात दोन दिवस, त्या गावच्या चार इकडे. अनोळखी घर, अनोळखी ताट, स्वतःची ओळख स्वतः सांगायची. घरं आपल्याच सदस्यांची, म्हणून भरवशाची. खर्च एसटीच्या तिकिटाचा.

पुढच्या बैठकीत यावर बोला

1. गेल्या आठ दिवसांत मुलाच्या ऐवजी आपण किती वेळा बोललो?
2. आपल्या गटातल्या किती मुलांचा जन्मदाखला घरात आहे? नाव-तारीख सगळीकडे जुळते का? सचिव ताईंनी यादी करावी.
3. आपल्या शाळेने यंदा इन्स्पायरसाठी मुलांच्या कल्पना पाठवल्या का? शाळा व्यवस्थापन समितीतल्या ताईंनी मुख्याध्यापकांना विचारावं.
4. मुलींच्या अदलाबदलीसाठी कोणत्या गावाशी बोलता येईल? तारीख ठरवून ठराव लिहावा.

चर्चेत जे निघेल ते आपल्या सीआरपी ताईंकडे लिहून द्या. पण ते लिहिण्याचं काम गटातल्या एखाद्या गप्प मुलीला सांगा, आणि वाचूनही तिलाच दाखवू द्या.